घरचे मडके आणि सरकारी भट्टी

बव्हेरियात १५५३ साली राजाज्ञा निघाली की, संत जॉर्जच्या सणापासून (२३ एप्रिल) संत मायकलच्या सणापर्यंत (२९ सप्टेंबर) कोणीही बिअर करू नये. उन्हाळ्यात ती नासते, हा पिढ्यांचा अनुभव होता. थंड तळघरात दहा अंशांच्या आसपास सावकाश आंबणाऱ्या लागर बिअरचा जम या थंडीतच बसला. आज परदेशांत बार्लीच्या अर्काचा डबा आणि यीस्टची पुडी आणून ती घरोघरी करतात. इंग्लंडमध्ये त्यासाठीचा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेने १९७८ साली मोकळीक दिली. किनवटच्या चैत्रात हा उद्योग शीतकपाटावाचून साधणार नाही, आणि परवान्यावाचून तो गुन्हाच ठरेल.

परंतु घरी आंबवण्याची विद्या आपल्या तालुक्याला नवी नव्हे. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. गोंड, कोलाम, आंध कुटुंबे ती टोपल्यांत वेचतात व उन्हात वाळवतात. फुलांत साखर भरपूर, त्यामुळे पाण्यात भिजवली की लागरला मारक असलेल्या याच उष्म्यात ती झपाट्याने आंबतात. मग चुलीवर मडके चढवून वाफ थंड करून धार धरायची. गोंडांच्या घरी लग्न असो वा मर्तिक, पहिली धार देवाला. हीच फुले उकडून वा पिठात मिसळून खाल्ली जात आणि टंचाईच्या काळात त्यांनीच पोटाला आधार दिला, हे विसरता कामा नये.

किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते नांदेडकडे आले. आबकारी हे निजामाच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन. दारू मक्तेदाराकडून घ्यावी, हा त्या व्यवस्थेचा मथितार्थ. ब्रिटिश मुलखात याहून वेगळे नव्हते. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने घरची भट्टी आवळली, आणि १८९२च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे, बाळगणे यांवरच निर्बंध आले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. तेथे आप्तेष्ट असलेल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. उरणच्या भट्ट्यांत मात्र त्याच मोहाची दारू गाळली जात होती, आणि तिच्यावर कर मिळत होता. व्यसन आवरण्याची भाषा होती खरी, पण ती खजिन्याच्या सोयीची होती, असे मला वाटते.

मोहाच्या दारूने संसार बुडाले नाहीत, असे मी म्हणणार नाही. मात्र घरच्या मडक्याला ऋतूची आणि वडीलधाऱ्यांच्या नजरेची मर्यादा होती. दुकान बारमाही उघडे असते.

मुंबई प्रांताच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात धर्मविधीच्या द्राक्षारसासाठी स्वतंत्र तरतूद झाली, म्हणून आपली वेदी निर्वेध राहिली. तोच कायदा आज महाराष्ट्रभर लागू आहे. गोंडाच्या देवापुढील धारेचा विचार तो करताना कितीसा झाला, हा प्रश्न आपण तरी विचारला पाहिजे. कारण आपल्याला मिळालेली सवलत आपण सहसा हक्क मानतो.

मोहफुले गोळा करणे, साठवणे व नेणे यांवरील बंधने राज्य शासनाने २०२१ साली उठवली. आता बायाबापड्या फुले उघडपणे बाजारात नेऊ शकतात. घरी त्यांची दारू गाळणे हा गुन्हा आहेच.