लिंगूल नावाचं गाव

आमच्या शेजारच्या गावाबद्दल इंग्रजीत लिहिलेला मला सापडलेला सगळ्यात जुना मजकूर म्हणजे एक शिवी आहे.

गाव निमगूळ, तालुका शिंदखेडा, आमच्या दोंडाईच्यापासून अगदी जवळ. लिहिणारा विल्यम फिंच, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, नीळ खरेदीत मुरलेला माणूस. १६१० च्या जानेवारीत तो सुरतेहून बैलगाड्या घेऊन बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. नंदुरबारनंतरच्या मुक्कामाचं नाव त्याने 'लिंगूल' असं लिहिलं आहे. त्याच्या मते हे एक ओंगळ गाव, इथली माणसं चोर आणि इथला किल्ला घाणेरडा. गावाजवळची वाट खोल वाळूची, हे वर आणखी. संपला निमगूळचा इतिहासातला प्रवेश.

मी पुण्यात ज्या कामाचा पगार घेतो, ते काम म्हणजे पत्ते जुळवणं. लोक एकच गाव सहा तऱ्हांनी लिहितात, आणि ही सगळी एकच जागा आहे हे आमच्या प्रोग्रॅमने ओळखायचं असतं. 'दोंडाइचा', 'धोंडाईचा', 'दोंडाईचे' हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे जुन्या प्रवाशांची पुस्तकं माझ्या हाती लागली तेव्हा मला ती कामाचाच भाग वाटली. थाळनेरचं 'टोलनेर' झालंय, चोपड्याचं 'चुप्रा', नंदुरबारचं तर 'नंदरपार' आणि 'नसरबार'. 'लिंगूल' म्हणजे निमगूळ, हे मी शोधलेलं नाही. विल्यम फॉस्टर नावाच्या संपादकाने १९२१ मध्ये या प्रवाशांची वर्णनं एकत्र छापली, तेव्हाच ते जुळवून ठेवलं होतं. मी फक्त नकाशावर एकेक ठिपका ठेवत गेलो. सुरत, व्यारा, नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर. ठिपके जोडले आणि मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो, कारण शिंदखेड्यापर्यंतची ती रेघ मला पाठ होती. ती आमची सुरत-भुसावळ रेल्वे होती.

१९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने हा लोहमार्ग टाकला. शिंदखेड्यानंतर तो तापीच्या दक्षिणेनेच नरडाणा, अमळनेर करत जळगावकडे जातो. जुनी वाट मात्र थाळनेरला तापी ओलांडून उत्तरेच्या काठाने चोपडा, रावेर अशी जायची. त्याआधीचा रस्ता जवळपास तोच आहे. लहानपणी आमची समजूत अशी, की आमचं गाव कशाच्याच वाटेवर नाही. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो, मुंबईहून येणारी मोठी रेल्वे चाळीसगाव-जळगाववरून. आमच्याकडे मिरचीचा बाजार आणि दोन्ही दिशांना जाणाऱ्या थोड्या गाड्या. आणि चारशे वर्षांपूर्वी मुघलांचं सगळ्यात मोठं बंदर आणि त्यांची दख्खनची राजधानी यांना जोडणारा राजरस्ता आमच्या शिवाराजवळून जात होता!

तर फिंच. निमगूळहून पुढे निघाल्यावर वाटेत त्याला निमगूळचाच हाकिम भेटला, बरोबर त्याच्यासारखेच 'प्रामाणिक' सोबती. हा टोमणा फिंचचाच. त्यांना फिंचकडून थोडे पैसे उसने हवे होते. उत्तरात बंदुका दिसल्यावर त्यांनी नाद सोडला आणि गाड्या पुढे गेल्या. शिंदखेड्याला पोचल्यावर त्याने तेही गाव मोठं पण घाणेरडंच ठरवलं. त्याच्या पलीकडे एक नदी होती, तिचं पाणी खारट. ते तो प्यायला आणि त्याला रक्ती हगवण लागली, ती बऱ्हाणपूरपर्यंत त्याच्या सोबतीला होती.

शिंदखेड्याला बुराई नदी आहे. नावच बुराई, आता कुणाला काय म्हणायचं? आमच्या घरच्या बोअरचं पाणीही मचूळ आहे, त्यात डाळ शिजत नाही. शिंदखेड्याकडच्या पाहुण्यांकडे जाताना आजी हमखास सांगायची, "तठलं पानी पेऊ नको, भाऊ." फिंचला असं सांगणारं कुणी भेटलं नाही.

फिंचबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. तो काही नुसता रडका प्रवासी नव्हता. पुढे लाहोरला गेल्यावर अनारकलीची दंतकथा लिहून ठेवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी तो एक. म्हणजे 'मुघल-ए-आझम'चा एक धागा या माणसाच्या वहीत आहे, आणि त्याच वहीत निमगूळचा चोर हाकिमही आहे. १६१३ मध्ये तो बगदादला वारला.

आता तो हाकिम खरंच चोर होता का? पाच वर्षांपूर्वी, १६०५ मध्ये गादीवर बसल्यावर जहांगीराने बारा फर्मानं काढली होती. जहागीरदार स्वतःच्या फायद्यासाठी वाटेवर जे कर उकळतात ते बंद, हे पहिलंच. ज्या वाटांवर चोऱ्या होतात आणि वस्ती लांब आहे तिथे सराया बांधाव्यात, विहिरी खणाव्यात, हे दुसरं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही गोष्टी रिलीज नोट्समध्ये होत्या, प्रॉडक्शनमध्ये आल्या नव्हत्या. हाकिमाचे 'उसने पैसे' म्हणजे तोच बंद केलेला कर असणार, असं मला वाटतं. त्यात ते वर्ष लढाईचं. दख्खनी फौजांनी खानखानाला मागे रेटून बऱ्हाणपुरात बसवलं होतं, खुद्द रावेर लुटलं गेलं होतं. चोपड्याला फिंच पावसामुळे अडकून पडला आणि नंदुरबारचा सुभेदार चारशे घोडेस्वार घेऊन आला तेव्हा कुठे त्याची पुढे जायची हिंमत झाली. सरकार आपल्यापर्यंत पोचत नाही असं दिसलं की ठाण्यावरचा माणूस स्वतःच सरकार होतो. याला एक अख्खं गाव चोर म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढचा प्रवासी त्याच्यापेक्षा बडा. सर टॉमस रो, इंग्लंडच्या राजाचा जहांगीराच्या दरबारातला वकील. १६१५ च्या नोव्हेंबरात तो याच वाटेने बऱ्हाणपूरला गेला. मुलूख उजाड, गावं मातीची आणि माणसाने पाठ टेकावी असं एक घर नाही, ही त्याची तक्रार. म्हणजे त्या सराया दहा वर्षांनंतरही झालेल्या नव्हत्या. पण त्याच रोने आणखी एक नोंद केली आहे, ती वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. धान्य लादलेले दहा हजार बैल त्याला एकाच तांड्यात भेटले, आणि लहान तांडे तर जवळजवळ रोजच.

दहा हजार बैल. आमच्या बाजार समितीबाहेर मिरचीच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागते तेव्हा अर्धा तास रस्ता बंद होतो. एकामागून एक चालणारे दहा हजार बैल एखाद्या गावाजवळून पुढे सरकायला किती वेळ लागेल? दोन बैल शेजारी शेजारी धरले आणि प्रत्येक जोडीला तीन मीटर दिले, तरी रांग पंधरा किलोमीटरची होते. सकाळी पहिली घंटा ऐकू आली तर शेवटची ऐकायला दुपार व्हावी. उजाड म्हटलेल्या मुलखातून एवढं धान्य चाललं होतं.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १६३० च्या नोव्हेंबरात, पीटर मंडी त्याच वाटेने गेला. त्या वर्षी गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस झाला नव्हता. तुकाराम महाराजांची पहिली बायको आणि मुलगा ज्यात गेले, तोच हा दुष्काळ. मंडीने जे लिहिलं आहे ते मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. सुरतेपासून नंदुरबारपर्यंत रस्ताभर प्रेतं होती. गावांतून मेलेल्यांना पायांना धरून, उघडंनागडं ओढत वेशीबाहेर आणून टाकलेलं, त्यामुळे अर्धी वाट अडलेली. प्रवाशांच्या जनावरांच्या शेणातून माणसं धान्याचे दाणे वेचत होती. नंदुरबारला एक लहान तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना.

हे सगळं पार करून तो बऱ्हाणपूरला पोचला. तिथला बाजार मात्र सर्व जिनसांनी भरलेला होता. कारणही त्यानेच दिलं आहे. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी अख्खं लष्कर घेऊन तिथे तळ ठोकून होता आणि जवळून लांबून सगळा माल त्याच्याकडे येत होता. तसं नसतं तर या शहराची गतही आसपासच्या गावांसारखीच झाली असती, असा त्याचा हिशोब. पुढच्या जूनमध्ये मुमताज महल तिथेच वारली. तेवढं शाळेच्या पुस्तकात आहे.

म्हणजे रस्ता चालू होता आणि बाजारही भरत होता. फक्त वाटेवरच्या गावांसाठी त्यात काही नव्हतं. रोने पाहिलेले बैलही आमच्याकडे थांबायला आले नसणार, हे मला मंडी वाचल्यावर कळलं. राजरस्त्यावर असण्याचा माझा सगळा आनंद त्या पानावर उतरला.

हे मी माझ्या चुलतभावाला सांगितलं. तो सुरतेत, उधन्याला असतो, लूमवर. खान्देशातल्या अर्ध्या घरांचं कुणी ना कुणी उधना-लिंबायतला असतं आणि आखाजीला गाड्या भरभरून ही माणसं घरी येतात. २०२० मध्ये मार्चच्या शेवटी लूम बंद पडले, गाड्या बंद झाल्या, तेव्हा तो आणि वहिनी उधन्याहून पायी निघाले होते. जवळजवळ दोनशे किलोमीटर. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, एरवी आम्ही पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवतो. त्या दिवशी तिथे पोलीस होते म्हणून हे दोघं शेतातून आले. विसरवाडीच्या पुढे एका पिकअपवाल्याने नंदुरबारपर्यंत सोडलं. तिथून परत पायी.

त्या प्रवासाबद्दल तो फार बोलत नाही. यंदा आखाजीला आला तेव्हा मी त्याला मोबाइलवर फिंच आणि मंडी मराठीत करून वाचून दाखवले. मंडी त्याने निमूट ऐकला. एका गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली होती, एवढंच तो म्हणाला. आतल्या बाईने काट्यांवरूनच दोन भाकरी आणि ठेचा फेकला, पाण्याची बाटली मात्र खाली ठेवून ती मागे सरकली. "गाव कोणतं?" मी विचारलं. त्याने सांगितलं नाही. म्हणाला, तू लिहिशील.

फिंचवर मात्र तो खदखदून हसला. "पानी पीसन पोट बिघडनं त्यानं, नि नाव गावनं खराब?"

संध्याकाळी आम्ही मोटारसायकलवर निमगूळला जाऊन आलो. फाट्यावर चहा घेतला. चहावाल्याला मी विचारलं, की इथे जवळपास जुना किल्ला, गढी काही होती का. त्याने आमच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कोणाकडचे पाहुणे तुम्ही?" चुलतभावाने आमच्या एका लांबच्या आत्याचं नाव सांगितलं. मग त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.