भुंगेरारोधक कडधान्ये

साठवणीतल्या भुंगेऱ्यांना दाद न देणारे कडधान्यांचे वाण. मूग, चवळी, हरभरा, तूर यांना लागणारे भुंगेरे कॅलोसोब्रुकस प्रजातीतले; राजम्याला झॅब्रोटीस आणि अ‍ॅकँथोसेलिडीस छळतात. कीड पुष्कळदा पिकत आलेल्या शेंगांवरून, म्हणजे शेतातूनच कोठीत येते. कॅलोसोब्रुकस आणि झॅब्रोटीसची मादी दाण्यावर अंडे चिकटवते, अळी थेट आत शिरते आणि पुरता भुंगेरा होऊनच गोल भोक पाडून बाहेर येते. उबदार हवेत हा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. राख किंवा तेलाचा हात अंडी घालण्यात अडथळा आणतो, पण खोल शिरलेल्या अळीला फारसा जाचत नाही. म्हणून पैदासकार अळीचा घासच बिघडवू पाहतो.

चवळीत अशा वाणाचा शोध नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत झाला. हजारो नमुने तपासून १९७०च्या दशकात टीव्हीयू २०२७ हा गावठी वाण हाती आला. त्यावर अळ्या सावकाश वाढतात आणि बऱ्याच मरतात. मात्र काही भागांतले भुंगेरे त्यावरही तग धरतात, असे पुढे दिसले.

राजम्याची कथा अधिक फलदायी आहे. लागवडीतल्या राजम्यात झॅब्रोटीसविरुद्ध पुरेसा प्रतिकार सापडेना. तो मिळाला मेक्सिकोतल्या बारीक दाण्याच्या रानटी राजम्यात. त्यामागच्या प्रथिनाला ग्वेरेरो राज्यातील आर्सेलिया गावावरून आर्सेलिन म्हणतात. हा गुण प्रभावी आणि एकाच जनुकस्थानी बसलेला. दाण्यातले प्रथिन तपासले की तो ओळखता येतो, दर पिढीला भुंगेरे पाळून पाहावे लागत नाही. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने मोठ्या दाण्याच्या वाणांशी वारंवार संकर करून ‘राझ’ मालिका घडवली. अ‍ॅकँथोसेलिडीसपुढे मात्र आर्सेलिन कमी पडते.

अळीला बाधणारा दाणा माणसाला खायचा आहे, ही या पैदाशीची खरी अडचण. राजम्यातली अशी प्रथिने नीट उकळल्यावर निष्प्रभ होतात, त्यामुळे तिथे निभावते. ऑस्ट्रेलियात राजम्यातल्या अमायलेज-रोधक प्रथिनाचे जनुक वाटाण्यात घातले; भुंगेरे रोखले गेले, पण २००५ मध्ये उंदरांत त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिक्षमतेची प्रतिक्रिया आढळली आणि तो वाटाणा बाजारात आलाच नाही. साध्या राजम्यानेही उंदरांत तशीच प्रतिक्रिया उठते, असे २०१३च्या अभ्यासात निघाले. तोवर उशीर झाला होता.

मुगातला प्रतिकार मादागास्करच्या रानमुगातून आला. टीसी १९६६ या नमुन्यातला हा गुण एका प्रभावी जनुकाने चालतो, असे १९८८ मध्ये दाखवले गेले. त्याच्या संततीत सापडलेल्या विग्नॅटिक आम्लांवर आधी संशय गेला, पण प्रतिकाराचे जनुक त्यांचे नसून शेजारचे निघाले. प्रतिकार नेमका कशामुळे येतो हे ठाऊक असणे इथे अधिक गरजेचे, कारण मोडाचे मूग कच्चेही खाल्ले जातात आणि शिजवण्याचा आडोसा मिळत नाही.