सुलसदत्ताचा पत्ता : लेण्याद्री, नाणेघाट आणि संगणकांचे जाळे

संगणकांच्या जाळ्याची परिभाषा मराठीत आली ती बहुतांशी इंग्रजी शब्दांसह. नोड, राउटर, पॅकेट, प्रोटोकॉल हे शब्द विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात आणि मराठीचा अध्यापक हा विषय आपला नव्हे म्हणून बाजूला सारतो. परंतु या संज्ञांच्या मुळाशी असलेला प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला परका नाही : एकमेकांपासून दूर असलेल्या दोघांना परस्परांचे म्हणणे कळावे कसे? या प्रश्नाची दोन उत्तरे, सुमारे दोन सहस्रकांच्या अंतराने, एकट्या जुन्नर तालुक्यात पाहायला मिळतात.

लेण्याद्रीचा डोंगर आज गिरिजात्मज गणपतीमुळे ओळखला जातो. हा गणपती सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्याच्या शेजारचे सहावे लेणे म्हणजे बौद्ध चैत्यगृह. त्यावरील ब्राह्मी लेख त्रोटक आहे. कल्याणचा, हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, एवढेच तो सांगतो. गाव, पित्याचे नाव, स्वतःचे नाव, दिलेली वस्तू आणि शेवटी ‘देयधम’, म्हणजे धर्मदान, हा शब्द. त्या काळातील कितीतरी दानलेख थोड्याफार फरकाने याच साच्यातले आहेत.

कल्याणच्या माणसाचे दान येथवर पोहोचले, कारण कल्याण आणि जुन्नर एका जाळ्यात होते. कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई व तेथून देशावर पसरे. जाळ्याच्या परिभाषेत कल्याण आणि जुन्नर हे नोड, म्हणजे गाठी. घाटवाट हा दुवा. जेथे अनेक वाटा मिळतात आणि मालाने पुढे कोणत्या वाटेने जावे हे ठरते, ते ठिकाण म्हणजे राउटर. जुन्नर असे ठिकाण होते. दोन वेगळ्या जाळ्यांच्या सीमेवरील दार म्हणजे गेटवे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता अशी समजूत आहे. कोकण आणि देश यांमधले ते दारच म्हणायचे.

या साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तांड्याचा माल एका वाटेने एकत्र जातो. संगणकाचा संदेश तसा जात नाही. त्याचे लहान तुकडे केले जातात, त्यांनाच पॅकेट म्हणतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. तुकडे वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात व मुक्कामी पुन्हा क्रमाने जुळवले जातात. एक वाट तुटली तर दुसरी सापडते. हा विचार १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी ‘अर्पानेट’वरून पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता; पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर टीसीपी आणि आयपी हे प्रोटोकॉल लागू झाले. आयपी पत्ता आणि वाट पाहतो. टीसीपी तुकड्यांचा क्रम लावतो व हरवलेला तुकडा पुन्हा मागवतो. भारतात ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचे काम १९८६ मध्ये सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले.

दुसरे उत्तर याच तालुक्यातील खोडद येथे आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी दाटीने आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर. परस्परांतील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर. जाळ्याची रचना, म्हणजे टोपोलॉजी, समजून घ्यायला हे उदाहरण उत्तम आहे. प्रत्येक अँटेना दुसऱ्या प्रत्येकीशी थेट जोडायची तर ४३५ दुवे लागतील. प्रत्यक्षात प्रत्येक अँटेनाचा सिग्नल प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि त्या ४३५ जोड्या तेथे गणिताने जुळवल्या जातात. केंद्राशी सर्वांना जोडणाऱ्या अशा रचनेला तारा-रचना म्हणतात. कोणता सिग्नल कोणत्या क्षणाचा, हे नेमके ठाऊक असल्याखेरीज मात्र ही जुळणी निरर्थक ठरते. तंतू आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत.

प्रोटोकॉलचे मोल येथे कळते. मराठीत त्याला ‘शिष्टाचार’ म्हणण्यापेक्षा ‘संकेत’ म्हणणे अधिक योग्य, कारण शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो हे आपण भाषाविज्ञानात शिकवतोच. सुलसदत्ताचा लेख दगडात टिकला, घाटवाटही टिकली. पण ब्राह्मी वाचण्याचा संकेत लोकांच्या स्मृतीतून गेला आणि लेख कित्येक शतके मुका झाला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला, तो सांचीच्या लहान लहान दानलेखांच्या आधाराने. अनेक लेखांच्या शेवटी तीच अक्षरे येतात हे त्याने हेरले आणि तेथे ‘दानं’ हा शब्द असला पाहिजे असे ताडले. ठरावीक साचाच अखेरीस किल्ली ठरला.

आज आपण मराठीतील लेख, हस्तलिखिते, कोश संगणकावर साठवत आहोत. ते उद्या वाचता यावेत यासाठी केवळ यंत्रे आणि तारा जपून भागणार नाही. कोणत्या संकेताने अक्षरे साठवली हेही उघड, सर्वमान्य आणि नोंदलेले असले पाहिजे. ही जबाबदारी एकट्या संगणकशास्त्रज्ञांची नाही. संकेत हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय, त्यांचीही आहे.