छेदन, चालन, दोहन : जिव्हाबंध-मुक्तीच्या परंपरेचा ऐतिहासिक मागोवा (त्र्यंबकेश्वर-नाशिक परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

जिभेखालचा पडदा आखूड असल्यामुळे जीभ वर उचलणे अथवा बाहेर काढणे कठीण जाणे, या जन्मजात अवस्थेस जिव्हाबंध म्हणतात. हा पडदा छेदून जीभ मोकळी करणे आणि जोडीने मुखाच्या व जिभेच्या स्नायूंचे व्यायाम देणे, ही उपचारपद्धती आज आधुनिक मानली जाते. तथापि छेदन आणि व्यायाम यांची सांगड भारतीय हठयोगात अनेक शतकांपूर्वीच घातली गेली होती. या सांगडीचे स्वरूप व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाथ संप्रदाय आणि त्र्यंबकेश्वर

हठयोगाची परंपरा मत्स्येंद्रनाथ व गोरक्षनाथ यांच्याशी जोडली जाते. महाराष्ट्रात तिचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर होय. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना अनुग्रह दिला, अशी परंपरा आहे. निवृत्तिनाथांची समाधीही त्र्यंबकेश्वर येथेच आहे. सिंहस्थानंतर दर बारा वर्षांनी नाथ योगी येथून पायी निघून मंगळूरच्या कद्री मठाकडे जातात. हठयोगाच्या परंपरेशी या परिसराचे नाते केवळ स्मृतिरूप नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ग्रंथांतील विधी

पंधराव्या शतकातील स्वात्मारामकृत हठप्रदीपिकेत खेचरी मुद्रेचा विधी येतो. निवडुंगाच्या पानासारख्या तीक्ष्ण व स्वच्छ शस्त्राने जिभेखालील बंध केवळ केसाएवढा छेदावा, त्यावर सैंधव व हिरड्याचे चूर्ण चोळावे, सात दिवसांनी पुन्हा तेवढेच छेदन करावे आणि हा क्रम सहा महिने चालवावा, असे तेथे सांगितले आहे. चूर्ण चोळण्यामागे जखम पुन्हा जुळू नये असा हेतू असावा. छेदनासोबत चालन आणि दोहन या क्रियाही अनिवार्य मानल्या आहेत. ब्रह्मानंदांच्या ज्योत्स्ना टीकेनुसार अंगठा व तर्जनी यांनी जीभ धरून ती डावी-उजवीकडे फिरविणे म्हणजे चालन, तर गाईच्या दोहनाप्रमाणे ती ओढणे म्हणजे दोहन. घेरंडसंहितेत दोहनासाठी लोण्याचा उपयोग सांगितला आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. योग्याचे ध्येय रोगनिवारण नव्हते. जीभ उलटून टाळूमागील विवरात नेणे आणि तेथे स्रवणाऱ्या अमृताचा लाभ घेणे, हे होते. म्हणून खेचरीस जिव्हाबंधावरील शस्त्रक्रिया म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. साम्य आहे ते पद्धतीत : छेदनाने वाव निर्माण होतो, व्यायामाने तो वापरात येतो.

शके 1212 (इ.स. 1290) मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे विस्तृत वर्णन आहे. चंद्रामृताची कल्पनाही तेथे आढळते; परंतु जिभेच्या छेदनाचा विधी नाही. नाथपरंपरेचा वारसा मराठीत आणताना ज्ञानदेवांनी अनुभूतीस प्राधान्य दिले, शस्त्रास नव्हे.

वैद्यकातील साक्ष

मुखाच्या स्नायूंची निगा आयुर्वेदासही ठाऊक होती. तेलाचा गंडूष धरल्याने हनुवटीस व स्वरास बळ येते, असे चरकसंहितेत म्हटले आहे. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने जिव्हाबंधाच्या छेदनाचे वर्णन केले आणि एक मार्मिक नोंदही ठेवली : एका रुग्णाची जीभ छेदनानंतर दातांपलीकडे सहज येऊ लागली, तरी त्यास बोलता आले नाही. केवळ छेदन पुरेसे नसते, याची ही प्राचीन साक्ष होय. पुढे 1918 मध्ये अमेरिकन दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स यांनी दंतोपचारात स्नायूंच्या प्रशिक्षणाचा पुरस्कार केला.

महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. त्यांनी वर्णिलेल्या जिव्हाबंध या क्रियेत जीभ टाळूस घट्ट चिकटवून जबडा खाली आणावयाचा असतो. छेदनाची गरज नसते. एकाच शब्दाने वैद्यकात व्याधी आणि योगात व्यायाम सूचित व्हावा, हे लक्षणीय आहे.

समारोप

परंपरेचे प्राचीनत्व हा परिणामकारकतेचा पुरावा नव्हे. 2017 च्या कोक्रेन आढाव्यात पाच चाचण्या व 302 अर्भके यांचा विचार झाला. छेदनाने मातेच्या स्तनाग्रवेदना अल्पकाळ कमी झाल्या, परंतु स्तनपानावर सातत्यपूर्ण परिणाम आढळला नाही. प्रौढ साधकाची स्वेच्छेची साधना आणि अजाण बाळाच्या जखमेवर दिला जाणारा ताण यांची तुलना होऊ शकत नाही. नाशिक येथे 1998 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यक, दंतशास्त्र, आयुर्वेद व भौतिकोपचार या शाखा एकत्र आहेत. ब्रह्मगिरीच्या सान्निध्यात या शाखांनी परस्परसहकार्याने परंपरेची चिकित्सा केल्यास, तिच्यातील ग्राह्य काय आणि त्याज्य काय, हे श्रद्धेने वा उपहासाने न ठरता पुराव्याने ठरेल.