नाव्ह्याची लढाई, टेबलावर

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे तुम्ही मांडले असतीलच. त्यात फासे, मोजपट्टी आणि नियम घाला, की झालं मिनिएचर वॉरगेमिंग. इंचभर उंचीचे शिपाई रंगवायचे आणि खरी लढाई टेबलावर खेळायची. एच. जी. वेल्सनं १९१३ साली याच खेळाच्या नियमांचं पुस्तक लिहिलं, 'लिटल वॉर्स'.

दहा वर्षांनी मी परत ब्रश हातात घेतलाय. नेपोलियनची फौज तर सगळेच रंगवतात. मला आपल्या परभणीकडची हवी होती. म्हणून निवडली रसेल ब्रिगेड.

हे नाव पडलं हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटवरून, हेन्री रसेलवरून. फौज निजामाची, पगार निजामाच्या खजिन्यातून, पण कवायत आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचे. पुढे हिचंच नाव झालं हैदराबाद कंटिन्जंट. तिची एक मोठी छावणी हिंगोलीला होती, १९०३ पर्यंत. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा.

या फौजेची किंमत काय होती, बघा. खर्चापायी निजामावर कर्ज चढत गेलं आणि १८५३ च्या तहात कापसानं भरलेला वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. ज्या फौजेवर आपला हुकूम चालत नाही, तिच्यासाठी निजामानं अख्खा प्रांत घालवला!

आता माझ्या टेबलावरची लढाई. हिंगोली-हदगावच्या पट्ट्यात नाव्हा गाव आहे. तिथं नोसाजी नाईक हटकरांनी निजामाच्या सत्तेविरुद्ध बंड उभं केलं. गढीत हटकरांच्या जोडीला भाडोत्री अरब सैनिकही होते. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन रसेल ब्रिगेड घेऊन आला. तोफा लागल्या, चर खणत फौज तटापाशी पोचली. ३१ जानेवारीला हल्ला झाला आणि गढी पडली. आतले बहुतेक लढवय्ये मारले गेले. नोसाजी नाईकांना पकडून हैदराबादला नेलं.

रंगवायला बसलं की फरक लगेच कळतो. ब्रिगेडचं पायदळ सोपं आहे. लाल डगले, पांढरे पट्टे, एकसारखे पन्नास शिपाई ओळीनं रंगवत जायचं. हटकरांना गणवेशच नाही. धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात भाला किंवा तोड्याची बंदूक. प्रत्येक बाहुलं वेगळं करावं लागतं. एका हटकराला लागतो तेवढ्या वेळात ब्रिगेडचे चार शिपाई होतात.

खेळाचा नियमही मी त्यावरूनच ठरवला. समोरासमोर मारामारी केली तर तोफावाला दर वेळी जिंकणार, मग खेळायचं कशाला? म्हणून प्रश्न बदलला: गढी किती दिवस टिकते? खऱ्या इतिहासापेक्षा एक दिवस जास्त टिकली, तर हटकर जिंकले.

आता अवघड भाग. कोणी विचारेल, "अरे, इंग्रजांच्या बाजूची फौज कशाला रंगवतोस?" प्रश्न बरोबर आहे. हीच फौज १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढली. १८५८ मध्ये तिच्या तुकड्या ह्यू रोजबरोबर मध्य भारताच्या मोहिमेत होत्या, म्हणजे झाशीच्या राणीच्या विरुद्ध बाजूला. 'नोवाह' हे नाव तिच्या पलटणींना युद्धसन्मान म्हणून मिळालं. एका बाजूचा सन्मान, दुसऱ्या बाजूचा सर्वनाश, आणि गाव एकच.

गोष्ट इथंही थांबत नाही. १९०३ मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली. तिच्या पायदळातून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि तीच आजची कुमाऊँ रेजिमेंट. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे.

म्हणजे लाल डगल्यातला तो शिपाई 'आपला' की 'परका', हे एका शब्दात सांगता येत नाही. तो पगारासाठी उभा होता, नोसाजींची माणसं आपल्या मुलखासाठी. माझ्या शेल्फवर दोघंही आहेत, आणि हटकर पुढच्या रांगेत.

तुमच्या गावात एखादी पडकी गढी असेल तर तिच्यावर कोणी हल्ला केला आणि आत कोण होतं, हे आजी-आजोबांना विचारा. आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!