बाथरूममधला क्लोरीन

दिवाळीच्या साफसफाईत आईने बाथरूमच्या फरशीवर ब्लीच ओतलं. डाग जाईनात, म्हणून त्यावरच अ‍ॅसिड. दोन मिनिटांत ती खोकत बाहेर आली. पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकलेला मी शेजारच्याच खोलीत कोड लिहीत बसलो होतो!

तो वायू क्लोरीन. १७७४ मध्ये शीले या संशोधकाने स्वीडनमध्ये तो पहिल्यांदा बनवला, तोही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडपासूनच. पुढे फ्रान्समध्ये बर्थोलेने त्याने कापड पांढरं केलं; त्यातून ब्लीच आलं. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू खंदकांवर सोडला.

त्यामुळे ब्लीचला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. पण रोजच्या फरशीला ते हवंच कशाला? आजीची भांडी राखेने निघायची, पैठणी रिठ्याच्या फेसात. आता आम्ही फरशीला साबणाचं पाणी वापरतो, नळावरच्या क्षारांना व्हिनेगर. मात्र तेही अ‍ॅसिडच, ब्लीचपासून लांब ठेवायचं.

अ‍ॅसिडची बाटली आईने अजून टाकलेली नाही. “अर्धी शिल्लक आहे रे!”