कुत्र्यांची वर्गणी आणि माणसांचा फ्लू

माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो इंग्लंडातल्या शिकारी कुत्र्यांच्या मालकांनी जमवलेल्या पैशांमुळे. वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकली जाते. माझ्या मते तीच खरी कुळकथा आहे.

त्याआधीची पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. 1918 च्या जूनमध्ये फ्लूची साथ मुंबई बंदरात उतरली आणि हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसं गेली. 1892 पासून फ्लूचा दोष फायफर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूवर लादला जात होता. 1918 मध्येच ट्यूनिसमध्ये निकोल आणि लबाई यांनी दोषी जिवाणूहून सूक्ष्म असल्याचं सुचवलं होतं, पण निर्विवाद पुरावा कुणाकडेच नव्हता. अडचण एकच होती. माणसाचा फ्लू घेईल असा प्राणीच सापडत नव्हता.

आता कुत्र्यांकडे वळू. त्या काळी डिस्टेंपर या रोगाने कोल्ह्याच्या शिकारीवर नेण्याची कुत्री पिलं असतानाच पटापट मरत. ‘द फील्ड’ या शिकारी मंडळींच्या साप्ताहिकाने 1923 मध्ये त्यासाठी निधी उभारला, वाचकांनी पैसे पाठवले आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने उत्तर लंडनमधल्या मिल हिल इथे काम सुरू केलं. माणसांच्या आरोग्याची संस्था कुत्र्यांच्या मागे का लागली? कौन्सिलला उघडच वाटत होतं की ताप, नाक गळणं, मग फुप्फुसांना सूज अशा क्रमाने जाणारा हा रोग फ्लूचा भाऊबंद असावा. ही समजूत साफ चुकीची होती. डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या कुळातला, त्याचा फ्लूशी काडीचा संबंध नाही. पण या चुकीच्या सोयरिकीतूनच फेरेट प्रयोगशाळेत आला.

फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, साधारण मुंगसाएवढा पाळीव प्राणी. इंग्लंडात तो सशांच्या बिळांत सोडत, ससे घाबरून बाहेर पडत. डिस्टेंपर त्यालाही होतो आणि जीवघेणा होतो, हे शिकारीच्या रानांची राखण करणाऱ्यांना माहीत होतं. पॅट्रिक लेडलॉ आणि पशुवैद्य जॉर्ज डंकिन यांनी हेच हेरलं. कुत्र्यापेक्षा फेरेट स्वस्त, लहान आणि पाळायला सोपा. त्याच्या जोरावर दशक संपता संपता कुत्र्यांसाठी लस तयार झाली.

मला मात्र लशीपेक्षा मिल हिलच्या कोंडवाड्यांचं मोल अधिक वाटतं. तिथे शिरताना अंघोळ करून कपडे बदलावे लागत, रोगी आणि निरोगी जनावरं कटाक्षाने वेगळी ठेवत. ही शिस्त नसती तर फ्लूच्या विषाणूचा 1933 चा शोध लागलाच नसता, कारण शिंकणारा फेरेट फ्लूने शिंकतो आहे की डिस्टेंपरने, हे सांगणार कोण? तसा घोटाळा झालाही. वेलकम या दुसऱ्या प्रयोगशाळेतून बातमी आली की तिथले लोक फ्लूने आजारी आहेत आणि फेरेटही. मिल हिलमध्ये उत्साह संचारला. शेवटी निघालं की ते फेरेट डिस्टेंपरचे रोगी होते.

1933 च्या सुरुवातीला लंडनमध्ये फ्लूची साथ आली. संशोधक ख्रिस्तोफर अँड्र्यूज स्वतः आजारी पडले. सहकारी विल्सन स्मिथ यांनी त्यांच्या गुळण्यांचं पाणी घेतलं, फेरेटच्या नाकात सोडलं. दोन दिवसांत ताप, गळकं नाक आणि शिंका. तेच द्रावण कातडीखाली टोचून असा रोग होत नव्हता, नाकातूनच जावं लागे. बऱ्या झालेल्या माणसांच्या रक्तद्रवाने विषाणू निष्प्रभ होई. 8 जुलै 1933 च्या ‘लॅन्सेट’मध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांचा लेख आला.

इथे एका लाडक्या आख्यायिकेला धक्का लावावा लागेल. फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला, त्यांना फ्लू झाला आणि त्यांच्या घशातून ‘डब्ल्यूएस’ हा प्रसिद्ध वाण मिळाला, असं सांगतात. वाण स्मिथ यांचाच, त्यांच्या आद्याक्षरांचा. त्याचा वंशज ‘डब्ल्यूएसएन’ आजही प्रयोगशाळांत वापरतात. पण त्या दिवसांत लंडनभर फ्लू होता, मग दोष फेरेटवरच का? पुराव्यानिशी नोंदलेली शिंक नंतरची, चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकावर पडलेली. ते दोन दिवसांत आजारी पडले, त्यांच्या घशातून विषाणू मिळाला, आणि 1936 मध्ये स्मिथ आणि त्यांनी ते प्रसिद्ध केलं. दोन गोष्टींची एक झाली, असा माझा ठाम कयास आहे.

फ्लूची कुळकथा कुठून सुरू करायची, यात दुसरा पक्ष अमेरिकेचा. रॉकफेलर संस्थेच्या रिचर्ड शोप यांनी 1931 मध्ये डुकरांच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला, म्हणून फ्लूचं मूळ डुकरांत शोधावं, असं हा पक्ष म्हणतो. शोप यांचं काम मोठं, त्याने लंडनकरांना दिशा मिळाली हेही खरं. पण डुक्कर-विषाणूने माणसाच्या रोगाचा प्रश्न सुटत नव्हता, त्यासाठी माणसाचा फ्लू घेणारं जनावर हवं होतं. शिवाय 1934 मध्ये शोप यांनी आपला डुकरांचा विषाणूही फेरेटमध्ये घालून पाहिला. म्हणजे तेही मिल हिलच्या वाटेने आले.

फेरेट इतका माणसासारखा का आजारी पडतो, हे बऱ्याच काळाने कळलं. त्याच्या श्वासमार्गात, माणसासारखीच, मानवी फ्लू ज्यांना चिकटतो ती सायॅलिक आम्ल या साखरेची टोकं आहेत. बहुतेक सस्तन प्राणी सायॅलिक आम्लाचा जो एक प्रकार तयार करतात, तो माणूस आणि फेरेट दोघेही करत नाहीत. उंदराला तर फ्लू जडवायला विषाणूला आधी सरावावं लागतं, आणि तो शिंकतही नाही.

फेरेटचा उपयोग पुढेही होत राहिला. संशोधक थॉमस फ्रान्सिस यांनी 1934 मध्ये पोर्तो रिकोतल्या रुग्णाचा ‘पीआर-8’ वाण फेरेटमधूनच मिळवला. कोंबडीच्या अंड्यांत वाढवल्या जाणाऱ्या बहुतेक फ्लू लशींच्या मूळ विषाणूत आजही त्याची जनुकं असतात. दर फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते वाण घ्यायचे ते ठरवते, तेव्हा फेरेटच्या रक्तद्रवाच्या चाचण्या समोर असतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था याच जागतिक जाळ्यात आहे. फ्लूच्या इतिहासात फायफर आणि शोप यांच्या जोडीला ‘द फील्ड’च्या वर्गणीदारांचंही नाव यायला हवं.